बेर्लिए, बेरनार, विलेम : आठवणी जमवण्याच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

काम ठरलं. ल्योंच्या ज्या उपनगरात मी राहतो तिथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाने सप्टेंबरातल्या वारसा-दिनांना छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. विषय महायुद्धानंतरचे फ्रेंच मालट्रक, आणि ते ज्यांनी चालवले, दुरुस्त केले किंवा लहानपणी नुसते रस्त्याकडेला उभं राहून पाहिले त्यांच्या आठवणी. ट्रक आणायला जागा नाही, पैसेही नाहीत. फोटो, कागद आणि बोललेलं, एवढ्यावर भागवायचं. मुलाखती आणि त्यांची छाननी माझ्या गळ्यात पडली, कारण मंडळात साठीच्या आतला मी एकटाच. नोंदी मराठीत ठेवतोय. पुण्याचे दोन-तीन ट्रकवेडे मित्र वाचणार आहेत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

ल्योंमध्ये ट्रक म्हणजे बेर्लिए. मारियुस बेर्लिए इथलाच, जन्म १८६६चा. आधी मोंप्लेझीर भागात मोटारी बनवल्या, मग पहिल्या महायुद्धात शेजारच्या वेनिसिएला अवाढव्य कारखाना उभारला. १९१६ साली वेर्दांच्या लढाईत बार-ल-द्युकहून आघाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रकांची रांग होती, दर चौदा सेकंदांना एक ट्रक जायचा असं सांगतात. त्यात बेर्लिएचे सीबीए मॉडेलचे ट्रक पुष्कळ : भरीव रबराची चाकं आणि साखळीने फिरणारा मागचा आस. बेर्लिएच्या बिल्ल्यावर रेल्वे इंजिनाचं तोंड का, हे मंडळातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी समजावलंय : १९०५ साली अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने बेर्लिएच्या मोटारी बनवण्याचा परवाना घेतला, त्याची ती खूण.

बाकी घराणी पॅरिसच्या आसपासची. प्युतोची उनिक, आर्केयची बेरनार, नांतेरची विलेम, स्युरेनची लातिल, सॅं-तुआंची सोम्युआ. लातिल, सोम्युआ आणि रेनॉचा जड गाड्यांचा विभाग १९५५ला एकत्र येऊन साव्हियेम झाली. बेर्लिए १९६७ला सित्रोएनकडे गेली, तिथून रेनॉकडे, १९७८ला साव्हियेममध्ये मिसळली आणि १९८०ला नावही पुसलं. इतिहास एवढा पुरे. तो पुस्तकात मिळतो, मला हवंय ते दुसरंच.

२७ जानेवारी, शनिवार

पहिली मुलाखत. तारारचे आजोबा, वय ८६. (नावं या वहीत लिहायची नाहीत असं सगळ्यांना कबूल केलंय.) काकाच्या ट्रकवर किन्नर म्हणून लागले तेव्हा मिसरूड फुटत होतं. गाडी कुठली? 'उनिक.' कुठलं मॉडेल? हात हवेत उडवला. कुठलं साल? पुन्हा हात हवेत. माझ्या प्रश्नावलीची पहिली तीन खणं इथेच कोरी राहिली.

मग घाटावर आले आणि सुटले. पॅरिसहून दक्षिणेला समुद्राकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग ७ रोआन सोडल्यावर पॅं-बुशॅंची खिंड चढतो आणि तारारला उतरतो. भरल्या गाडीने चढताना माणूस शेजारून चालत येऊ शकेल एवढाच वेग. उतरताना काका एकच वाक्य बोलायचा : ज्या गिअरने चढलास, त्याच गिअरने उतर. मी हसलो. माझा मामा खंबाटकीत अगदी हेच सांगायचा, फक्त मागे एक शिवी जोडून. आजोबांना हे सांगितल्यावर मुलाखत एकदम घरगुती झाली आणि वाईन आली.

थंडीचं विचारलं. म्हणाले, एका फेब्रुवारीत टाकीतलं डिझेल गोठलं होतं. बर्फ नव्हे, मेण झालं होतं. फिल्टर चोंदला, इंजिन दोनदा खोकून बंद. काकाने पत्र्याच्या डब्यात चिंध्या पेटवून टाकीखाली सरकवल्या आणि यांना नळी चोळत बसवलं. सांगताना त्यांनी दोन्ही पंजे काखेत घातले होते. खोलीत हीटर चांगला चालू होता.

हे साल मात्र मी काढू शकतो. फेब्रुवारी १९५६ची थंडी सगळ्या फ्रान्सला ठाऊक आहे, तेव्हा प्रोव्हान्समधली ऑलिव्हची झाडं लाखोंनी मेली. आजोबा तेव्हा अठराचे. जुळतं.

१० फेब्रुवारी, शनिवार

आजची मुलाखत सविस्तर लिहायलाच हवी.

बेरनारवाले आजोबा. मेणकापड घातलेलं स्वयंपाकघरातलं टेबल, आम्ही दोघं समोरासमोर. बेरनार म्हणजे त्या काळची खानदानी गाडी : इंग्लंडच्या गार्डनर डिझेल इंजिनांचा परवाना घेऊन बनवलेलं इंजिन, महाग, पण मालकाने एकदा घेतली की तो दुसरीकडे बघत नसे. १९६३ला अमेरिकेच्या मॅक ट्रक कंपनीने तिच्यात पैसा घातला आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत कंपनी संपली. शेवटच्या काळातली कोनाकोनांची केबिन फिलिप शार्बोनोने काढली होती, रेनॉ १६ मोटारीच्या घडणीतही त्याचा हात होता. ही केबिन मला स्वतःला फार आवडते. आजोबांना नाही. 'त्यात पाय आखडायचे,' एवढंच म्हणाले.

ग्रनोब्लला माल नेतानाची गोष्ट सांगत होते. मी डबल क्लचबद्दल विचारलं, तर बोलून दाखवण्याऐवजी खुर्ची मागे ढकलली आणि करूनच दाखवलं. डावा पाय दाबला, गिअर न्यूट्रलला, पाय सोडला, उजव्या पायाने इंजिनाला हलकासा रेटा, पुन्हा डावा पाय, गिअर आत. डोळे समोरच्या भिंतीवर. मी बघत होतो त्यांच्या हातांकडे. उजवा हात हवेतल्या स्टेअरिंगवर स्थिर होता आणि गिअर टाकायला खाली जात होता तो डावा.

म्हणजे स्टेअरिंग उजवीकडे. फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, तरी तिथल्या कितीतरी जड ट्रकांचं स्टेअरिंग १९५०च्या दशकातही उजवीकडेच असायचं. कारण साधं. डोंगरातला रस्ता अरुंद, कठडा नाही, कडा उजव्या हाताला. चाक कड्यापासून किती बोटं लांब आहे हे ड्रायव्हरला खिडकीतून मान काढून दिसायला हवं. पुढची गाडी ओलांडायची वेळ आली की मात्र तो आंधळा, तेव्हा डावीकडे बसलेला किन्नर बाहेर डोकावून 'जाऊ दे' म्हणायचा. आजोबांनी हे सांगताना डाव्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

पुढे गोष्ट हिवाळ्यात शिरली, मार्सेयची खेप, टायर फुटणं वगैरे. गाडी कुठली विचारलं. 'तीच की.' पण पुन्हा गिअर टाकून दाखवताना आता उजवा हात खाली गेला. मी काही बोललो नाही, वेळ तेवढी टिपून ठेवली : चव्वेचाळिसावं मिनिट.

१८ फेब्रुवारी, रविवार

आजोबांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले फोटो आणून दिले होते. दिवसभर भिंग घेऊन बसलो. फ्रान्सच्या जुन्या नंबरप्लेटी (१९५० ते २००९ची पद्धत) फार उपकारी आहेत : शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे, ६९ म्हणजे रोन, ४२ म्हणजे लुआर, ०१ म्हणजे एन. मधली अक्षरं क्रमाने पुढे सरकत जातात. त्यामुळे जिल्हा आणि अक्षरं कळली की नोंदणीचा काळ साधारण पकडता येतो. मंडळातल्या एका काकांनी रोन जिल्ह्याचा तक्ता हाताने लिहून ठेवलाय. तो त्यांच्या बायकोलाही हात लावू देत नाहीत, मला दिला.

डब्यात दोन ट्रक निघाले. एक लांब नाकाचा बेरनार, स्टेअरिंग उजवीकडे. दुसरा बेर्लिए, डावीकडे, आणि त्याची प्लेट बरीच नंतरची. ग्रनोब्लची खेप पहिल्यावरची, मार्सेयची दुसऱ्यावरची. आजोबांच्या डोक्यात दोन्ही मिळून एकच गाडी झाली आहे, हातांनी ती वेगळी ठेवली आहे.

माझ्या मुलाखतींच्या तक्त्यात नवा रकाना घातला : 'अंगाने काय केलं'. मुलाखतीची लेखी प्रत नुसत्या बोलण्याची करायची नाही, कोणता हात, कोणता पाय, मान कुठे वळली, तेही लिहायचं. तारारच्या आजोबांचे काखेतले पंजे त्यात पहिली नोंद.

९ मार्च, शनिवार

आज दोघे एकत्र, आणि पुन्हा कधी दोघांना एकत्र बोलवणार नाही. विषय विलेमचा. ही नांतेरची कंपनी पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या लिबर्टी ट्रकांची दुरुस्ती-विक्री करत उभी राहिली आणि पुढे अवजड ओढगाड्यांसाठी नावाजली. १९५०च्या दशकातलं तिचं पुढे झुकलेलं तोंड पाहून लोक तिला शार्क म्हणायचे. आकाराने अवाढव्य, थोडी विक्षिप्त, सुंदर. फ्रेंच ट्रकवेड्यांत जेवढे भक्त विलेमचे आहेत तेवढे चालवणारे कधीच नव्हते असा माझा वहीम आहे.

आणलेला फोटो कृष्णधवल. एक म्हणे लाल, दुसरा म्हणे हिरवा. दोघेही त्या वेळी शाळकरी, दोघांनीही तोच ट्रक त्याच दगडखाणीच्या फाटकाशी पाहिलेला. पाऊण तास. शेवटी मी विचारलं, हात लावला होता का? दोघेही एकदम म्हणाले, बॉनेट इतकं तापलेलं असायचं की हात ठेववत नसे. बॉनेट किती उंच होतं ते दाखवायला दोघांनी हात वर केले, ते जवळजवळ सारख्याच उंचीवर, स्वतःच्या आत्ताच्या कपाळाच्या वर. लहान मुलाचं कपाळ धरून हिशोब केला तर बॉनेट बरंच खाली येईल.

फोटोखाली लिहायचं : 'रंग : वाद चालू'.

२० एप्रिल, शनिवार

वेनिसिए. मॅंगेतच्या उंच इमारतींपैकी एकीत अकरावा मजला. हे गृहस्थ अल्जेरियातून विशीत आले आणि बेर्लिएच्या चासी लाइनवर लागले, साल १९६४. (कामगारांना साल आठवतं. हजेरीपुस्तक आणि पेन्शनची फाइल दोन्ही डोक्यात पक्की.) त्यांचा चुलतभाऊ अल्जीअर्सजवळच्या रुईबाच्या बेर्लिए कारखान्यात होता, तो पुढे अल्जेरियन सरकारच्या कंपनीकडे गेला. घरातले अर्धे बेर्लिएचे ट्रक इकडे बनवत होते, अर्धे तिकडे.

त्यांच्या आठवणीत रस्ता नाही, घाट नाही. चासी (ट्रकचा सांगाडा) उलटी येते, आस बसवतात, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसवतात, मग साखळदंडांनी ती उलथून सुलटी करतात तो आवाज. रिव्हेटचा आवाज. 'मी रस्त्यावरचा बेर्लिए खालून ओळखतो,' म्हणाले. चेष्टा वाटली, पण मी तीन फोटो पुढे केले, त्यातल्या दोन्ही बेर्लिएंवर बोट ठेवलं, मागच्या पाट्यांच्या टांगणीवरून.

मे १९६८चं त्यांनी आपणहून काढलं. कारखाना कामगारांनी ताब्यात घेतला होता आणि फाटकावरची 'बेर्लिए' ही अक्षरं काढून उलटसुलट लावली : रोमन लिपीतली तीच सात अक्षरं 'लिबेर्ते', म्हणजे स्वातंत्र्य, अशीही लागतात. त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. तुम्ही होतात का तिथे? 'सगळेच म्हणतात की होते.' आणि गप्प बसले. आजवरच्या मुलाखतींतलं सर्वांत प्रामाणिक उत्तर बहुधा हेच.

१२ मे, रविवार

मादाम. नवरा स्वतःच्या मालकीचा एकच ट्रक चालवायचा, गेला त्याला बरीच वर्षं झाली. मंडळात कुणाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, कारण 'त्यांनी कुठे ट्रक चालवला?'

त्यांना सगळी सालं पाठ. ट्रक कधी घेतला, दुसरा मुलगा झाला त्याच्या आधीच्या शरदात. पहिलं इंजिन कधी उतरवलं, शेवटचा हप्ता कधी फिटला. हप्त्यांच्या हुंड्यांचे अर्धुक (स्थळप्रती) अजून रबरबँड लावून ठेवलेत, तारखांसकट. मी त्यांच्या सांगण्याशी पडताळले, एकही तारीख सरकली नाही. कारण उघड आहे. हिशोब त्या ठेवायच्या, आणि हप्ता चुकला की बँकेचा माणूस दारात येई तो त्यांच्याच, ड्रायव्हर तेव्हा आव्हिन्योंच्या पुढे असे.

रात्रीचं सांगितलं. ट्रेलर जोडलेल्या ट्रकच्या टपावर खुणेची पाटी पेटवलेली असायची, मागे लांब शेपूट आहे हे समोरच्याला कळावं म्हणून. खाली पिवळे हेडलाइट, फ्रान्समध्ये तेव्हा सगळ्यांनाच पिवळे लागत, १९९३पर्यंत नव्या गाड्यांनाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टपावरची पाटी आधी दिसायची, मग दिवे, मग आवाज. 'आवाजावरून कळायचं की माल उतरवून आलाय की भरलेला आहे, आणि त्यावरून कळायचं की सूप गरम करायचं की नाही.' भरलेला असेल तर तो न थांबता पुढे जायचा. जेवायचा मग कुठल्यातरी लाल-निळी गोल पाटी लावलेल्या ड्रायव्हरांच्या खाणावळीत. ही पाटी १९३४पासूनची, आणि ती दिसली की ट्रकवाल्याला स्वस्त, भरपेट आणि वाईनसकट जेवण मिळणार.

प्रश्नावली बदलली. साल हवं असेल तर घरी ज्या थांबल्या त्यांना विचारायचं. बाकीच्या पाचही घरांत परत जायला हवं.

१५ जून, शनिवार

सैन्यात ट्रक शिकलेले दोघे. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे इथल्या कितीतरी पोरांनी पहिला मोठा गिअर बेर्लिए जीबीसीवर टाकला. सहा चाकी, सहाही चाकांना जोर, पाच सिलिंडरचं इंजिन, डिझेल नसेल तर इतर इंधनावरही चालणारं. पाच सिलिंडरचा ठेका ऐकवा म्हटलं तर दोघांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला, आणि दोघांचा ठेका एकच निघाला. जपून ठेवलाय.

याच कुळीतल्या गॅझेल ट्रकांनी नोव्हेंबर १९५९ ते जानेवारी १९६०मध्ये सहारात तेनेरेचं वाळवंट ओलांडून चाडपर्यंतची मोहीम केली. बेर्लिएची ही जाहिरात होती, तेल निघू लागलेल्या सहारात ट्रक विकायचे होते. पण फोटो पाहिले की जाहिरात विसरायला होतं.

आणि टी-१००. आजवर बोललेल्यांपैकी निम्म्यांनी 'मी पाहिला होता' म्हटलंय. १९५७चा हा बेर्लिएचा राक्षसी ट्रक, बनले फक्त चार. जवळजवळ पाच मीटर रुंद, टायरची उंची दोन मीटरच्या वर, बारा सिलिंडरचं कमिन्स इंजिन, पहिल्यांदा ६०० अश्वशक्तीचं. सहारातल्या तेलविहिरींचं सामान ओढायला. हेलसिंकीला दाखवला, मग पॅरिसला. एक अल्जेरियात हासी मसाऊदला उभा आहे, पहिला १९८१ला फ्रान्सला परत आणला. तो ल्योंच्या उत्तरेला ल मोंतेलिएत बेर्लिए फाउंडेशनच्या संग्रहात आहे. मंडळाच्या सहलीत मीही त्याच्या चाकाशी उभा राहिलोय, आस माझ्या छातीशी येतो. तेव्हा पाहिला असेल कुणी, का नाही? पण बहुतेकांचं वर्णन मोंतेलिएच्या शेडमधलं आहे, सहारातलं नाही. फक्त एकाने सांगितलं की तो रस्त्यावरून नेला तेव्हा त्याच्या आईने शटर लावून घेतलं होतं, काच फुटेल म्हणून. हे ठेवतोय.

जुलै-ऑगस्ट

सुट्ट्या. फ्रान्स बंद. मी लेखी प्रती पूर्ण केल्या आणि एकदा सातारला जाऊन आलो.

७ सप्टेंबर, शनिवार

पाट्यांवरून मंडळात जुंपली. अध्यक्षांचं म्हणणं, प्रत्येक फोटोखाली मॉडेल, साल, अश्वशक्ती हवी, लोक त्यासाठीच येतात. माझं म्हणणं, ते दोन ओळींत देऊ, पण मोठ्या अक्षरात हात-पाय. मधला रस्ता निघाला : प्रत्येक ट्रकशेजारी साधी खुर्ची, आणि छोट्या पडद्यावर त्या-त्या आजोबांनी गिअर टाकून दाखवल्याची आवाज नसलेली चित्रफीत. तीन घरी पुन्हा जाऊन चित्रण केलं. बेरनारवाल्यांनी याही वेळी दोन गाड्यांसाठी दोन हात वापरले. त्यांच्या मुलाने ते पाहून विचारलं, बाबा, दुसरी गाडी कधी घेतली होती तुम्ही?

उनिकने आपल्या मॉडेलांना दिलेली खिंडी-डोंगरांची नावं (इझोआर, वेर्कोर, एस्तरेल) नकाशावर टाचण्यांनी लावायची कल्पना शेजारच्या शाळेतल्या मुलांची. छान झालं, पण पोरांनी एव्हरेस्टही लावलंय. काढलेलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून गर्दी. खुर्च्यांवर लोक बसतात, पडद्याकडे बघत तसंच करून पाहतात. उजव्या स्टेअरिंगच्या खुर्चीवर तरुण मुलांचे हात गोंधळतात. मला सवय असूनही माझाही पाय चुकीच्या वेळी सुटला, भारतात उजवीकडेच बसून शिकलो पण डबल क्लच कधी मारावाच लागला नाही. विलेमच्या फोटोखाली कुणीतरी पेन्सिलीने 'निळा' असं लिहून गेलंय.

मादामच्या हुंड्यांपुढे बायका सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. एकीने आपल्या आईकडेही असाच गठ्ठा आहे म्हणून पत्ता दिला.

२८ सप्टेंबर, शनिवार

आवराआवर. मूळ ध्वनिफिती तीन ठिकाणी उतरवल्या, फोटो मालकांना परत, तक्ता काकांना परत (त्यांनी पानं मोजून घेतली). वेनिसिएच्या गृहस्थांची लेखी प्रत त्यांना वाचून दाखवायची राहिलीय, त्यांना फ्रेंच वाचायचा कंटाळा आहे, ऐकायला आवडेल म्हणाले. तारारच्या आजोबांच्या बहिणीकडे काकाच्या उनिकचे कागद असू शकतात, फोन करायचा.

ज्युरातल्या एका लाकूड-ठेकेदाराचा निरोप आलाय. वडिलांनी लातिलच्या चार चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरने जंगलातून ओंडके ओढले, तो स्वतः बारा वर्षांचा असल्यापासून ब्रेकवर बसायचा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय. नुसता रेकॉर्डर नको, कॅमेरा आणि स्टँड घ्यायचा, आणि चौकट अशी लावायची की पाय कापले जाणार नाहीत. त्याची आई अजून आहे का, तेही विचारून घ्यायचं.